दुसऱ्या मजल्यावरची आई

आज सकाळी खिडकी उघडली आणि लगेच बंद केली. धूर आला आहे. समोरच्या ब्लॉकचा नंबर दिसत नाही, मग त्यापलीकडची समुद्राची पट्टी आणि नांगरून पडलेली जहाजं दिसायचं नावच नको. समुद्रापल्याडच्या बेटांवर कुणीतरी रान पेटवतं, खालची दलदलीची माती आठवडेच्या आठवडे जळत राहते आणि इथे परदेशात, पासिर रिसच्या बाराव्या मजल्यावर माझ्या वाळत घातलेल्या चादरींना तिचा वास लागतो. या वासाला जळक्या लाकडाची ऊब नसते. ओलं पोतं पेटवल्यासारखा तो घशात बसून राहतो.

धूर आला की इथे दोन गोष्टी होतात. औषधांच्या दुकानात मास्क संपतात आणि आयांचा आवाज चढतो, कारण परीक्षाही याच दिवसांत असतात. आज दहाच्या सुमाराला वैशालीचा फोन आला. वैशाली आमच्या इथल्या मराठी बायकांच्या गटातली, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. आपल्या दहावीसारख्या मोठ्या परीक्षेला बसणारी मुलगी घरात असल्यामुळे सध्या ती कुजबुजत बोलते.

"अगं, तू ती एम्बसीची युक्ती केली होतीस ना, तुझ्या मेडच्या वेळेला? मला नीट सांग. आमची पण गावाला जायचं म्हणून मागे लागली आहे. तिच्या आजीचं काहीतरी आहे स्मशानात. आता प्राजूची ओ-लेव्हल म्हटल्यावर मी हिला कुठे पाठवू?"

मी म्हटलं, "जरा वेळानं फोन करते."

'जरा वेळानं करते' असं मी कुणाला सांगत नाही. कामं जागच्या जागी उरकायची मला सवय आहे. पण 'तुझी युक्ती' हे शब्द ऐकले आणि हातातला चहा तसाच ठेवला. माझी युक्ती! तीन वर्षांत ती गटात फिरली, नावारूपाला आली, आणि आता ओट्यावरच्या एखाद्या सोप्या पाककृतीसारखी माझ्याकडेच मागितली जाते आहे.

तर ती युक्ती.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे नेनिता राहत होती. फिलिपाइन्सची, वय तेहतीस, कामाला चोख. बोलायची बेतानं. आमच्यातलं बोलणं इंग्रजीतच चालायचं, पण आता मला ते मराठीतच आठवतं. मी तिला पहिल्या आठवड्यात विचारलं, "तुझं गाव कुठलं?" तर म्हणाली, "गाव नाही मॅम, म्युनिसिपालिटी."

मला हसू आलं. कारण पुढे तिनं जे वर्णन केलं त्यात म्युनिसिपालिटीसारखं काही नव्हतं. एक चौक, चौकाच्या एका अंगाला चर्च, दुसऱ्या अंगाला पालिकेची दुमजली पांढरी इमारत. मध्ये बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान, पण कापणीच्या दिवसांत त्यावर खेळता येत नाही, कारण सगळं गाव तिथे भात वाळत घालतं. पाऊस आला की पालिकेच्या इमारतीवरच्या भोंग्यावरून कारकून ओरडतो, "भात उचला!" आणि मग शाळेतली पोरं, मास्तर, पोलीस, सगळे फावडी घेऊन धावतात. तोच भोंगा कोण मेलं ते सांगतो, कुणाचं डुक्कर सापडलं तेही सांगतो.

"भोंग्यावर डुक्कर सांगतात ती कसली म्युनिसिपालिटी?" मी म्हटलं.

"डुक्कर हरवलं असेल तर कळायला नको का, मॅम?" ती म्हणाली. इथे माझ्याच मजल्यावर कोण वारलं हे मला एकदा कळलं, तेव्हा इमारतीखाली अंत्यविधीसाठी घातलेला मांडवही निघून गेला होता.

माझ्या मुलाच्या, निखिलच्या सरावपरीक्षांच्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूंवर ती त्या जागेचे नकाशे काढायची. मी नकाशा म्हणते. तिच्या दृष्टीनं ते पत्ते होते. नदी, नदीवरचा पूल, जो वादळात दर दोन-तीन वर्षांनी वाहून जातो आणि पालिका पुन्हा तसाच बांधते. भाताची गिरणी. टेकाडावर स्मशान. तिथे जमीन कमी, म्हणून मेलेल्या माणसांना सिमेंटच्या कप्प्यांत ठेवतात, एकावर एक चार कप्पे. तिनं पेन्सिलीनं चौकोनावर चौकोन काढले आणि म्हणाली, "इथल्या सरकारी एचडीबी इमारतींसारखं आहे मॅम. चार मजले. माझी आई दुसऱ्या मजल्यावर."

निखिल सोळा वर्षांचा, तोंडात टोस्ट, तो इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाला, "लिफ्ट गॉट ऑर नॉट?" नेनिता इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. मी निखिलला रागावले. मेलेल्यांची थट्टा करू नये हे मी त्याला शिकवत होते. घरात त्या वेळी मेलेल्यांचा मान कुणाला किती कळत होता ते पुढे येईलच.

त्या वर्षीचा धूर सप्टेंबरातच सुरू झाला. पितृपक्ष होता. सासूबाईंची तिथी आम्ही इथे आल्यापासून कधी चुकवली नव्हती. भटजी मिळो न मिळो, पान वाढलं जायचंच. अळूची पानं टेक्का मार्केटातून आणायची, खीर, वडे, कढी, आमसुलाची चटणी, गवार, भोपळा. नेनितानं दोन वर्षांत अळूच्या वड्या माझ्यापेक्षा घट्ट वळायला घेतल्या होत्या. तिच्याकडे हीच पानं नारळाच्या दुधात शिजवतात. पानाच्या शिरा काढताना ती म्हणायची, "आई म्हणायची, शीर राहिली तर घसा भांडतो."

अडचण व्हायची ती कावळ्याची. या शहरात कावळे फार झाले की बंदुकीवाले येऊन त्यांना टिपायचे. रीतसर, पाटी लावून. आमचे हे दरवर्षी केळीचं पान घेऊन खालच्या हिरवळीवर उभे राहायचे, आजूबाजूला बघत, कारण पाखरांना घातलं तर दंड. त्या दिवशी धुरात ते पंचवीस मिनिटं उभे होते. मी आणि नेनिता लिफ्टजवळ. शेवटी दोन साळुंक्या आल्या आणि वड्यावर तुटून पडल्या.

"साळुंकी चालेल का गं?" हे लांबून ओरडले.

"चालवून घ्या!"

"आईला चाललं नसतं."

"त्यांना काहीच चाललं नसतं. या वर!"

नेनितानं विचारलं, "सरांची आई दरवर्षी येते?"

"दरवर्षी. एक दिवस."

"इतक्या लांब?"

"लांब-जवळ असं काही नसतं त्यात," मी म्हटलं. मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

जेवणं झाल्यावर तिनं भांडी घासली, हात पुसले आणि ॲप्रनच्या खिशातून एक लिफाफा काढून माझ्यापुढे ठेवला. वर पालिकेचा शिक्का. आत टाइप केलेलं पत्र, कडक इंग्रजीत. तिच्या आईच्या कप्प्याची पाच वर्षांची मुदत पुरी होत आहे. ऑक्टोबर संपायच्या आत नातलगांनी हजर राहून अवशेष ताब्यात घ्यावेत. अन्यथा ते सामायिक जागी हलवले जातील.

"वडलांच्या शेजारी छोटा कप्पा आहे, मॅम. हाडं काढून, धुऊन तिथे ठेवायची. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सगळं गाव मेणबत्त्या घेऊन तिथे जातं. त्याआधी करायचं. मी एकटीच मुलगी आहे. मला आठ दिवस पाहिजेत."

मी भडकले. तिच्यावर नाही हं, त्या पालिकेवर. मेलेल्या बाईला पाच वर्षांत घराबाहेर काढतात? ही काय भाडेकरू आहे? पूल धड बांधता येत नाही आणि हाडांना नोटिसा पाठवतात! मी जवळजवळ दहा मिनिटं बोलले. फार बरं वाटलं. अन्यायाविरुद्ध बोलताना अंगात एक ऊब येते आणि त्या उबेत आपल्याला नेमकं काय विचारलं होतं ते विसरायला होतं.

विचारलं होतं ते एवढंच की आठ दिवस देता का.

ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत निखिलचे पेपर होते. आणि आमच्या गटाचा एक नियम होता. तो कुणी लिहिला नव्हता, पण मंगळागौरीच्या खेळांपेक्षा तो जास्त कडक पाळला जायचा. परीक्षा संपेपर्यंत कुणाच्याही मेडला सुट्टी नाही. घरची घडी मोडायची नाही. एकीनं दिली की दुसरीची मागते. रविवारची सुट्टीसुद्धा आमच्यात कुणी देत नसे; "बाहेर गेल्या की बिघडतात" हे वाक्य उच्चशिक्षित बायका, ज्या स्वतः शनिवार-रविवार कामाला हात लावत नसत, त्या भेळ खाताना म्हणत. मीही म्हटलेलं आहे. तिचा पासपोर्ट माझ्या कपाटात असायचा, माझ्या मंगळसूत्राच्या डबीखाली. सगळ्यांच्या मेडचे पासपोर्ट सगळ्यांच्या कपाटांत असत. 'सुरक्षित राहतो' असं आम्ही म्हणत असू. कुणापासून, ते कुणी विचारत नसे.

त्या संध्याकाळी खीर द्यायला मी सुजाताकडे गेले. ती दोन मजले खाली राहायची. नागपूरची, प्रयोगशाळेत संशोधन करणारी. तिच्याकडे श्राद्ध-पक्ष काही नाही, बौद्ध घर. पण खीर आवडते म्हणून मी दरवर्षी वाटी नेत असे. मी तिला त्या पालिकेचा पराक्रम सांगितला. तिनं खीर खाता खाता ऐकून घेतलं.

"इथेही पुरलेल्यांना पंधरा वर्षांनी काढतातच की," ती म्हणाली. "लहान देश, लहान गाव, जागा नाही. पत्र तरी पाठवलं त्यांनी. तुम्ही काय ठरवलंत?"

"आता परीक्षा आहे गं."

"तिची?"

"सुजाता!"

"नाही, विचारलं. तुमच्या सासूबाई वरून येतात, त्यांना पासपोर्ट लागत नाही. हिला लागतो, आणि तो तुमच्या कपाटात आहे."

मी वाटी न घेता वर आले. पुढे दोन महिने मी लिफ्टमध्ये तिच्याशी फक्त हवेबद्दल बोलले. त्या वर्षी हवेबद्दल बोलायला पुष्कळ होतं.

आणि मग मला युक्ती सुचली. मी जहाजांच्या मालाची कागदपत्रं बघणाऱ्या कंपनीत काम करते. वीस वर्षं एकच गोष्ट शिकले आहे: माल ताब्यात घ्यायला मालकानं जावं लागत नाही, योग्य कागद जावा लागतो. इथे मी सही करते, चार दिवसांनी दुसऱ्या बंदरात गोदामाचं दार उघडतं. मग यात काय कठीण आहे? नेनिताचा एक मामेभाऊ त्याच गावात होता. त्याच्या नावे मुखत्यारपत्र करायचं, तिच्या एम्बसीतून शिक्का घ्यायचा आणि कुरियर करायचं.

मी ऑफिसातून अर्धा दिवस रजा काढली. तिला घेऊन एम्बसीत गेले, रांगेत उभी राहिले. तिच्या देशाच्या पन्नासेक बायका आणि त्यांत एकटी मी, पर्स छातीशी धरून. खिडकीमागच्या माणसानं मसुद्यात दोन चुका काढल्या, त्या मी जागच्या जागी दुरुस्त केल्या. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "बघ, झालं! तुझी प्रवासाची दगदग वाचली, काम तेच."

ती म्हणाली, "थँक यू, मॅम."

मी ते 'थँक यू' खरं धरलं. मला त्यावर हसावंसं वाटतं आणि हसू येत नाही. जिचा पासपोर्ट माझ्या डबीखाली आहे ती बाई मला आणखी काय म्हणणार होती? त्याच रविवारी मी गटात ही हकिकत सांगितली. टाळ्या पडल्या. वैशाली म्हणाली, "तू म्हणजे ना, ग्रेट आहेस!" आणि मी वडापावाला चटणी जास्त घेतली.

निखिलच्या केमिस्ट्रीच्या पेपरचा दिवस होता. धूर इतका की शाळेनं मुलांना मास्क आणायला सांगितलं होतं. मी रजेवर होते, कारण त्या दिवसांत मी उगाच घरात असायची. दुपारी नेनिता भाजी चिरत होती आणि तिचा मोबाईल वाजला. मामेभाऊ टेकाडावरून बोलत होता. तिनं सुरी खाली ठेवली नाही. तिच्या भाषेतलं मला काही कळत नव्हतं, पण एक प्रश्न ती परत परत विचारत होती, तेवढं कळलं. पहिल्यांदा हळू विचारला. मग मोठ्यानं. मग तोच प्रश्न इतक्या बारीक आवाजात विचारला की मी वळून बघितलं.

फोन ठेवून ती भाजी चिरायला लागली. मी विचारलं, "मिळाला ना ताबा?"

खरंच मी 'ताबा' विचारलं.

"हो मॅम. कागद बरोबर होता. पालिकेचा क्लार्क म्हणाला, असा नीट कागद त्यानं बघितला नव्हता."

"मग?"

"आईच्या केसांत एक कंगवा होता. मीच खोचला होता. तो कुठे आहे त्याला माहीत नाही." तिनं गवारीच्या शेंगा मोडून टाकल्या. "आमच्याकडे आईला मुलगी धुते. मुलगी नसली तर बहीण, पुतणी, शेजारीण. बाईच. भावाला ते करता येत नाही, शेजारणीला बोलवायचं त्याला सुचलं नाही, म्हणून त्यानं पालिकेच्या माणसाला सांगितलं. तो नळी लावून सगळ्यांचं करत होता. मॅम, माझ्या आईला परक्या पुरुषानं आंघोळ घातली."

म्हणण्यासारखं मी सगळं त्या दहा मिनिटांत बोलून बसले होते.

माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा त्यांना शेवटचं न्हाणं आम्ही तिघी सुनांनी घातलं होतं. दाराबाहेर दोन दीर उभे होते; थोरल्या जाऊबाईंनी आतून कडी लावली होती. "बायकांचं काम आहे," त्या म्हणाल्या होत्या. मला हे ठाऊक होतं. शिकवायला कुणी लागत नव्हतं. आठ दिवस का पाहिजेत, एवढा एक प्रश्न मी नेनिताला विचारला असता तर तिनं सांगितलं असतं. मी पालिकेवर चिडले, धुरावर चिडले, कावळे मारणाऱ्यांवर चिडले, सुजातावर तर दोन महिने चिडले. माझ्या घरातल्या कपाटाकडे पाठ करून मी सगळ्या जगावर चिडून घेतलं.

निखिल पेपर देऊन आला. त्याला मीच सांगितलं, थोडक्यात. तो दारातच बूट काढत थांबला.

"यू डिड नॉट लेट हर गो बिकॉज ऑफ मी?"

"तुझे पेपर आहेत, जेवणखाण, वेळच्या वेळी..."

"मा! आय नेव्हर आस्क फॉर दॅट, व्हॉट. आय ईट मॅगी ऑल्सो कॅन." मग एक बूट पायात तसाच ठेवून तो स्वयंपाकघरात गेला. काय बोलला मला ऐकू आलं नाही. बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल होते. मला प्रथमच वाटलं की पोरगं बरं निघालं आहे. त्यात माझा हात किती, हा वेगळा प्रश्न.

पेपर संपले. पाऊस आला, धूर गेला. मी नेनिताला पासपोर्ट देऊन म्हटलं, जाऊन ये, पंधरा दिवस जा. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला. "आता कशाला, मॅम?" म्हणाली. रागानं नाही. दुकान बंद झाल्यावर आलेल्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं. करार संपेपर्यंत ती राहिली, वड्या तशाच घट्ट वळल्या, पण नकाशे काढले नाहीत. जाताना निखिलला मिठी मारली. माझ्या हातात हात दिला.

तिची म्युनिसिपालिटी मी पाहिलेली नाही. ती आता कुठे आहे हेही मला माहीत नाही. एक नकाशा मात्र माझ्याकडे आहे. मागच्या बाजूला गणिताचा पेपर, पुढे नदी, पूल, गिरणी, टेकाड आणि चौकोनावर चौकोन. दुसऱ्या मजल्यावरच्या चौकोनात तिनं पेन्सिलीनं एक बारीक रेघ ओढलेली आहे. पूर्वी मला वाटायचं की तिचा हात घसरला असेल. तो कंगवा आहे.

निखिल आता इथल्या कायद्यानं सैन्यात सक्तीची नोकरी करतो, डोकं भादरून, धुरात धावतो. केमिस्ट्रीत त्याला काय ग्रेड मिळाली होती ते मला आज आठवायला लागलं. आठवलं नाही.

वैशालीला फोन लावला. तिनं एका रिंगमध्ये उचलला.

"हं, सांग. कागद-पेन घेऊन बसले आहे."

"आजीचं काय करायचंय तिला?"

"कोण जाणे गं. मी कुठे विचारत बसू?"

"विचार."

"अगं पण तू ते मुखत्यारपत्र..."

"वैशाली, तिचा पासपोर्ट कुठे आहे?"

"माझ्या कपाटात. दागिन्यांच्या खणात. का?"

"काढ."

"आत्ता? आणि प्राजूची परीक्षा?"

"ती प्राजू देणार आहे. तू कपाट उघड, पासपोर्ट तिच्या हातात दे आणि तिला विचार. मी फोन धरून आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नंतर किल्ल्यांचा, किंवा चमचे असतील. बाहेर समोरचा ब्लॉक अजूनही दिसत नव्हता. मी फोन ठेवला नाही.